वैशाखांतील पांखरें आणि पुण्याभोंवतालचा माळ

रब्बीचीं पिकें खळ्यांतून घरांत आलीं, नांगरटीचीं ढेंकळें उन्हांत तापत पडलीं आणि शेतकऱ्याचे डोळे नैर्ऋत्येकडे लागले, म्हणजे वैशाखाचे ते तीन-चार आठवडे कांहींसे रिकामे जातात. शहरांतील पक्षिनिरीक्षकही याच दिवसांत आपल्या दुर्बिणी कपाटांत ठेवून देतात. थंडीचे पाहुणे परतले, पाणवठे आटले, ऊन सोसवत नाहीं, तेव्हां आतां पहावयाचें तें काय, असा त्यांचा प्रश्न असतो. आमचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. हिंवाळ्यांत पुण्यास जे पक्षी दिसतात त्यांतील पुष्कळसे वाटसरू असतात. उन्हाळ्यांत जे दिसतात ते येथले घरधनी. घरटें कोणीं कोठें बांधलें, कोणाचीं पिलें जगलीं, कोणत्या पक्ष्यास या मुलुखांत अजून जागा उरली आहे, हें कळावयाचें असेल तर चैत्र ते ज्येष्ठ हाच काळ होय.

शेतकऱ्याचें लक्ष पांखरांकडे बहुधा दोनच प्रसंगीं जातें. त्यांनीं पीक खाल्लें तर, किंवा पाऊस सांगितला तर. पहिल्या प्रकारांत भोरडीचें नांव आधीं येतें. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना ऑगस्ट-सप्टेंबरांत येतात, ज्वारीच्या हुरड्यावर ढगासारख्या उतरतात, पळस व पांगारा फुलला कीं त्यांतील मध पितात, आणि एप्रिल सरतां सरतां नाहींशा होतात. मचाणावर बसून गोफण फिरवितां फिरवितां ज्याचा हात दुखला, त्याला या पक्ष्याविषयीं प्रेम वाटावें अशी आमची अपेक्षा नाहीं. परंतु हीच भोरडी उन्हाळ्यांत मध्य आशियांत पिलें वाढविते तेव्हां तेथें तिचें अन्न म्हणजे टोळ व नाकतोडे. चीनच्या शिंजियांग प्रांतांत तर कुरणांवर तिच्या घरट्यांसाठीं मुद्दाम दगडांच्या राशी रचून तिला बोलावतात. आपल्याकडे जिला हुसकावयाचें तिला तिकडे आमंत्रण, असा हा प्रकार आहे. पक्ष्याचा नफातोटा एका हंगामाच्या जमाखर्चावरून काढूं नये, एवढें तरी त्यावरून दिसतें.

आतां पुण्याच्या टेकड्यांकडे वळूं. वेताळ टेकडी शहराच्या हद्दींतील सर्वांत उंच. मे महिन्याच्या मध्यास सूर्योदयापूर्वीं तेथें चढून जावें आणि जुन्या दगडाच्या खाणींत सांचलेल्या पाण्याच्या आसपास, थोड्या अंतरावर, झुडपाच्या आड निमूट बसावें. चालत फिरणाऱ्यास जें तासाभरांत दिसत नाहीं, तें बसून राहणाऱ्याच्या समोर पाणी पिण्यास आपण होऊन येतें. प्रथम बुलबुल, मग सातभाईंची कचकच करणारी टोळी, मग हळद्या. मोर तर आतां टेकडीवर सर्रास दिसतो. त्याची व कोकिळेची संख्या देशभर वाढत असल्याचें दिसून आलें आहे, आणि भुईमूग उकरला गेलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

मे महिना उतरणीस लागला कीं टेकडीच्या दाट बाजूनें, पहांटे व दिवस मावळतांना, दोन सुरांची एक स्वच्छ शीळ ऐकूं येऊं लागते. हा नवरंग. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखालीं लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. मैनेहून लहान आणि शेपूट तुटल्यासारखा आंखूड. हिंवाळा दक्षिणेंत व सिंहलद्वीपांत काढून तो पावसाच्या तोंडाशीं सह्याद्रीच्या उतारावर घरटें करण्यास येतो. प्रवास रात्रीचा. थकलेला पक्षी कधीं कधीं शहरांतील एखाद्या सज्ज्यांत किंवा जिन्यांत येऊन पडतो, आणि मग ‘विचित्र रंगीत पक्षी सांपडला’ म्हणून गलका होतो. त्याला पिंजऱ्यांत घालूं नये, तोंडांत पाणीही ओतूं नये. हवेला भोंकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत, शांत ठेवावा आणि सांवरल्यावर झाडीजवळ सोडावा. सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यांत याच दिवसांत स्वर्गीय नर्तकही दिसतो. त्याच्या पांढऱ्या नराची फितीसारखी लांब शेपटी पाण्यावरून फिरतांना एकदां पाहिली म्हणजे मनुष्य ती विसरत नाहीं.

नदीकांठची गोष्ट थोडी वेगळी. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या तीरीं डॉ. सालिम अलींच्या नांवाचें पक्षी-अभयारण्य म्हणून ओळखली जाणारी जागा आहे; खालीं सोलापूर रस्त्यानें गेल्यास कवडीपाट लागतो. तेथें उन्हाळ्यांतही पक्षी भरपूर. पण पक्षी पुष्कळ म्हणून पाणी चांगलें, असें समजूं नये. शहराच्या सांडपाण्यावर वाढणारे किडे व जलपर्णी यांवर कांहीं जाति पोसतात, एवढाच त्याचा अर्थ. त्या पाण्यावर ज्यांचे मळे भिजतात त्यांना ही गोष्ट आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. पुढें भिगवणपाशीं उजनीचें पाणी ओसरून चिखल उघडा पडला कीं रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. तें दृश्य पाहण्यास लोक लांबून येतात, आणि त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें असल्यामुळें आम्ही तें येथें करीत नाहीं.

दुसरा प्रसंग पावसाचा. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असें पावशा ओरडूं लागला कीं जुन्या माणसांचे हात बियाण्याच्या कणगीकडे जातात. हा पक्षी दिसण्यांत इतका शिक्र्यासारखा आहे कीं पुष्कळ ठिकाणीं लोकांनीं आवाज जन्मभर ऐकलेला असतो आणि पक्षी पाहून मात्र त्यास शिक्रा म्हणतात. तो आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालतो; सातभाई वीण करूं लागले कीं त्याची हांक सुरू होते. चातकाचेंही तसेंच. काळा-पांढरा, तुरेवाला चातक आपल्याकडे मे अखेरीस किंवा ज्येष्ठाच्या आरंभीं दिसूं लागतो. उत्तर व मध्य हिंदुस्थानांत दिसणारे चातक नैर्ऋत्य वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतात. म्हणजे त्याची व पावसाची वाट पुष्कळ अंशीं एकच. कवींनीं त्याला पावसाचा तहानलेला भक्त केला; शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो आगाऊ निघालेला जासूद म्हणावा.

या जासुदाचें कितपत खरें मानावें? टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस फार आणि ओढ्याच्या पात्रांत घातलीं तर कमी, कावळ्यानें झाडाच्या मधल्या बेचक्यांत घरटें केलें तर बरें आणि शेंड्यावर केलें तर अवर्षण, असे ठोकताळे आपल्या गांवोगांव आहेत. आम्ही त्यांस हंसत नाहीं, आणि त्यांवर पेरणीही करीत नाहीं. कारण एकच: त्यांचा पडताळा पहावयास लागणारा लेखी हिशेब कोणापाशींही नाहीं. ज्या वर्षीं अंदाज जुळला तें वर्ष लोकांच्या लक्षांत राहतें. चुकलेलें वर्ष कोणी सांगत नाहीं. शिवाजीनगरची वेधशाळा १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून तिला जुने पुणेंकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तेथें पाऊस दररोज मोजला जातो आणि लिहिला जातो. पण पावशानें पहिली हांक आपल्या शिवारांत कोणत्या तारखेस मारली, हें वीस वर्षें ओळीनें लिहून ठेवणारा एक शेतकरी प्रत्येक तालुक्यांत असता, तर आज वादाला कारणच उरलें नसतें.

नोंदीचा मुद्दा निघालाच आहे तर आमची फजिती सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं सासवडच्या बाजूच्या एका माळावर, दिवस मावळतां मावळतां, आम्हीं एक मातकट रंगाचा, लांब पायांचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी पाहिला. तो चार पावलें धांवला, थांबला, मान खालीं घालून मातींत मिसळून गेला. आम्ही उत्साहाच्या भरांत घरीं आलों आणि ‘माळढोकाचें पिलूं’ असें वहींत लिहून मोकळे झालों. चार स्नेह्यांस सांगितलेंही. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच जागीं तोच पक्षी उजेडांत दिसला. तो करवानक होता. उंची किती, चोंच कशी, पायांचा रंग कोणता, यांपैकीं आम्हीं आदल्या दिवशीं कांहींच लिहिलें नव्हतें. फक्त आपल्याला काय हवें होतें तेवढेंच लिहिलें होतें. ती ओळ आम्हीं खोडली, पण पान फाडलें नाहीं.

आमची चूक भोळेपणाची होती. पण खोटी नोंद किती घात करूं शकते याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतीलच आहे. रानपिंगळा म्हणून एक लहान घुबड. जेम्स डेव्हिडसन नांवाच्या अंमलदारानें १८८४ सालीं खानदेशांत त्याचा नमुना मिळविला. हे तेच डेव्हिडसन, ज्यांनीं वेंडन यांच्याबरोबर १८७८ सालीं दख्खनच्या पक्ष्यांवर लेख प्रसिद्ध केला होता. त्यानंतर मायनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९१४ सालीं आपण हा पक्षी गुजराथेंत मांडवीस मारल्याचें दाखविलें. पुढें तपासांत सिद्ध झालें कीं तो नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयांतून चोरलेला व पुन्हा भरून शिवलेला होता. ती खोटी नोंद बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध केला, तेव्हां १९९७ च्या नोव्हेंबरांत पॅमेला रासमुसेन, बेन किंग आदि मंडळींना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशें तेरा वर्षें जो नाहींसा झाला असें मानीत होते, तो जुन्याच ठिकाणीं झाडावर बसला होता.

आतां माळाविषयीं. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. पुणें, सासवड, सुपें, शिरूर या पट्ट्यांत जो मुरमाड, कुसळी गवताचा उघडा माळ आहे, त्यास सरकारी दप्तरांत व आपल्या बोलण्यांतही ‘पड’ म्हणतात. पड म्हणजे निकामी. परंतु या मुलुखाचें पक्षिधन जगास प्रथम ज्ञात झालें तें बरेंचसें याच माळामुळें. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनीं १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादींतून ज्यांस प्रथम शास्त्रीय नांव मिळालें, त्यांत माळावरचा एक तुरेवाला चंडोल आहे, खडकाळ रानांतील लावा आहे, मोठा करडा सातभाई आहे. या सातभाईला तर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव दिलेलें आहे. ओढ्याकांठचा साधा वंचकही त्यांतच. साइक्स लिहितात कीं दख्खनांत माळढोक इतका विपुल होता कीं एका शिकाऱ्यानें एकट्यानें हजार मारले. तोच माळढोक आज साऱ्या देशांत दीडशेंच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरला आहे, आणि तोही मुख्यतः राजस्थानांत. सोलापूरकडे नान्नजला त्याच्याकरितां १९७९ सालीं अभयारण्य झालें. तेथेंही तो आतां क्वचित् दिसला तर बातमी होते.

म्हणजे ‘दुर्मिळ’ हा पक्ष्याचा जातिगुण नव्हे. तो आपण त्याला चिकटविलेला शेरा आहे. आज पुण्याजवळच्या माळावर धाविक दिसला कीं छायाचित्रें घेणारांची गर्दी होते. विटकरी छातीचा, डोळ्यामागें पांढरी-काळी रेघ असलेला, माणसाच्या पुढें पुढें धांवत जाणारा हा लहान पक्षी. तो उघड्या जमिनीवर, घरट्यावांचून, खड्यांमध्यें दोन-तीन अंडीं घालतो. पखुर्डीही तशीच, तिचा नर पाणवठ्यावर पोटाचीं पिसें भिजवून घेतो आणि मैल-दोन मैल उडत जाऊन पिलांस त्या पिसांतून पाणी पाजतो. या पक्ष्यांस झाड नको असतें. त्यांना दूरवर दिसणारी मोकळी जमीन हवी असते.

म्हणून दरवर्षीं मे महिन्यांत वृक्षारोपणाचे खड्डे माळावर खणले जातांना पाहून आम्हांस थोडें वाईट वाटतें. झाडें लावूं नयेत, असें कोणता शेतकरी म्हणेल? बांधावर, ओढ्याकांठीं, विहिरीजवळ, गांवठाणांत लावावींत, पुष्कळ लावावींत. पण जेथें पूर्वीं केव्हांही झाडी नव्हती, तेथें उंदीरमारीच्या रांगा उभ्या करून ‘पडीक जमीन हिरवी केली’ म्हणणें बरोबर नाहीं. हिरवळीच्या खतास ही वनस्पति उत्तम, हें आम्हीही मानतों. आमच्या बांधावर ती आहे. परंतु पुण्याच्या टेकड्यांवर तिची दाटी झाली तेथें गवत गेलें, आणि गवताबरोबर चंडोल व डोंबारी गेले. गायरानाचेंही तसेंच समजावें. तें गुरांनाही हवें आणि धाविकालाही. सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं झालें, पण तें अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपासचें. बाकीचा माळ आपल्या, म्हणजे वाचकांच्या व त्यांच्या ग्रामपंचायतींच्या हातांत आहे. २०२३ सालीं देशांतील सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटि नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यांतही गवताळ व उघड्या रानांतील पक्षीच अधिक घटलेले दिसले.

एक पक्षी मात्र माळ गेल्यामुळें नव्हे, तर आपल्या गोठ्यांतून गेला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकलें कीं दुपारपर्यंत गिधाडें तें साफ करीत. मग तीं दिसेनाशीं झालीं. प्रथम रोगाचा संशय होता. २००४ सालीं कारण सिद्ध झालें. गुरांच्या दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत गेलें म्हणजे त्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारांतून एक उरलें. २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बंद झालें. असेक्लोफेनॅक व केटोप्रोफेन २०२३ सालीं. गाय-बैलाच्या ताप-सुजेवर मेलोक्झिकॅम हें गिधाडास न मारणारें औषध मिळतें. पशुवैद्यास तें नांव घेऊन विचारावें, आणि माणसाच्या औषधाची बाटली गोठ्यांत नेऊं नये. ज्या पक्ष्याकडे लहानपणीं आपण ढुंकूनही पाहिलें नाहीं, तो आज सिंहगडाच्या कड्यावर एक जरी तरंगतांना दिसला तरी आम्ही घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवतों.

हें पहाणें कसें करावें, याविषयीं थोडें लिहितों. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास अडत नाहीं. शेतकऱ्यास सूर्योदयापूर्वीं उठण्याची संवय असते, आणि त्यांतच अर्धें काम झालें. वहींत तारीख, वेळ, गांव व शेताचें नांव, हवा, आणि पक्षी काय करीत होता, एवढें लिहावें. नांव ठाऊक नसेल तर रंग, चोंच, पाय व आकार लिहावा. चिमणीएवढा, कबुतराएवढा, घारीएवढा. नांवांसाठीं मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ आहेच. घरट्याजवळ थांबूं नये. वैशाखाच्या उन्हांत मादी अंड्यांवरून पांच मिनिटें उठली तर अंडीं शिजतात. छायाचित्रासाठीं फांद्या तोडणें किंवा पक्ष्यास पुन्हा पुन्हा उडविणें हें तर शिकाऱ्याहून वाईट. आणि पावसाच्या तोंडाशीं बांध पेटवून देण्याची जी रीत आहे, ती टाकतां आली तर टाकावी. त्या गवतांत तित्तर व लावा बसलेले असतात.

गेल्या मे महिन्यांत आम्ही सासवडकडून परत येत असतां एका शेतांत ट्रॅक्टर चाललेला दिसला. सारें रान उलथून काळें झालेलें, आणि मधोमध खाटेएवढा एक तुकडा तसाच राहिलेला. त्यावरून टिटवी आरडत घिरट्या घालीत होती. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकास आम्हीं विचारलें, ‘बाबा, तेवढं का सोडलंत?’ ते म्हणाले, ‘तिची चार हायेत त्यात. पोराला म्या खाली उतरवून दाखवली. पंधरा दिसांनी पाळी घालू की, ढेकूळ कुठं पळून जातंय!’ अंडीं उंचावर आहेत कीं सखल जागीं, असेंही आम्हीं विचारलें. त्यांनीं शेताकडे एकवार पाहिलें व म्हणाले, ‘मध्यात हायेत. पाऊस पण मध्यमच म्हणायचा.’

आम्हीं वहींत तारीख, गांव, ‘टिटवी, चार अंडीं, मध्यम’ एवढें लिहून घेतलें.